मळणीच्या दिवशी

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर चुलतभावानं एक फोटो टाकला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सात कृषीकन्या, म्हणजे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या विद्यार्थिनी, आल्यात. हातात फलक, मागं सरपंच, पुढ्यात ओल्या गोणपाटावर मांडलेलं सोयाबीन. खाली त्यानं लिहिलं, ‘आल्या फोटोवाल्या.’ त्यावर काका म्हणाले, ‘ह्या पोरींनी कधी कुळव धरलाय का?’ मग हसण्याचा नुसता पाऊस. मला ते रात्रभर डाचत राहिलं.

अरे, त्या गोणपाटावर काय चाललंय ते तरी बघा! शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर घरचं बी बिनधास्त पेरा, थोडे कमी पडले तर एकरी बियाणं वाढवा. खर्च काहीच नाही. विकतची पिशवी उगवलीच नाही म्हणून दुबार पेरणी करून कर्जात गेलेलं घर आपल्याच भावकीत आहे, हे काका विसरले? पेरणीआधी रायझोबियम हे उपयोगी जिवाणूंचं खत चोळून बी सावलीत सुकवायचं, हेही त्याच पोरी सांगतात. दोन-तीन एकरवाल्याच्या दारात जाऊन हे सांगायला दुसरं कोण येतं?

इथं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला विद्यापीठाची स्टुडंट फार्म १९७७पासून चालू आहे. मुलं टोमॅटो लावतात, तण काढतात, डायनिंग हॉलला माल देतात, भाजीच्या टोपल्या विकतात. माझी टोपली मी सायकलवर घेऊन येतो. यातल्या कितीतरी मुलांनी इथं येईपर्यंत मातीत हात घातलेला नसतो, पण त्यांना कुणी हसत नाही. काका म्हणतील, तिथं पाणी आहे, पगारी माणसं आहेत. मान्य. शिवाय ही मुलं कुणा कोरडवाहू शेतकऱ्याच्या बांधावर जात नाहीत. तिथं आपल्याच पोरी जातात, चिखल तुडवत, आणि त्याचा मला इथं बसून अभिमान वाटतो.

मात्र एक गोष्ट इथल्यांची घ्यावीशी वाटते. मुलं दरवर्षी बदलतात, जमीन तीच राहते. एका तुकडीनं काय पेरलं आणि ते कसं आलं, हे पुढच्या तुकडीला त्याच वाफ्यात दिसतं. आपल्याकडं सातव्या सत्रात मुलं गावात येतात, सत्र संपलं की निघतात. आमच्या वेळी तर पुढची तुकडी दुसऱ्याच गावाला गेली. एकच गाव दहा वर्षं धरलं असतं तर?

हे मी एवढं तावातावानं लिहितोय, कारण मीही कृषीदूत, म्हणजे असाच गावात गेलेला विद्यार्थी, होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला अर्धा एकर दिला होता. बीजप्रक्रिया केलेली, म्हणजे बी असं चोळून पेरलेली तासं बाकीच्यांपासून वेगळी ओळखू यावीत म्हणून मी खुंट्या ठोकल्या होत्या. परीक्षा जवळ आली आणि मी गाव सोडलं. मळणीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, ‘साहेब, दोन्हीकडचं वेगळं मोजायचं म्हणला होतात. येताय ना?’ मी गेलो नाही. अहवालात मात्र उत्पादन वाढल्याचं लिहिलं, आकड्यासकट. त्याला चांगले गुण मिळाले. इथल्या प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासताना एकही आकडा मी न मोजता लिहीत नाही, पण तो एक अजून तसाच आहे. ते आजोबा आता नाहीत.

‘फोटोवाल्या’ हा शब्द त्या पोरींना लागू नाही. मला होता, म्हणून तो इतका झोंबला.

काल मी भावाला लिहिलं, ‘त्यांना आपल्या विहिरीकडचा अर्धा एकर दे. मळणीला बोलाव, दोन्ही ढीग त्यांच्यासमोर मोज आणि आकडे वहीत लिहून ठेव. पुढच्या वर्षीची तुकडीही तिथंच आण.’ त्याचं उत्तर आलं, ‘देतो. पण मोजायला तू ये.’

मळणी दसऱ्याच्या आसपास होते. इथं तेव्हा फॉल क्वार्टर, म्हणजे विद्यापीठाचा शरदातला सत्रकाळ, नुकताच सुरू झालेला असतो. मी अजून त्याला काही कळवलेलं नाही.