पंचवीस कॅरेटचा फरक

"दाजी, जड घेऊ का हलकी?"

सकाळी सातला मेव्हण्याचा फोन. मी अर्धवट झोपेत. मला वाटलं, सोन्याची चेन. द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला आणि भाव बरा मिळालेला असला, की निफाड तालुक्यातल्या गड्याच्या गळ्याला अशी खाज सुटतेच. मी जांभई देत म्हटलं, "हलकीच घे. आणि बावीस कॅरेटची घे."

"कॅरेट कसले? अहो, गाडी घेतोय. स्पोर्ट्स कार!"

मी ताडकन उठून बसलो. शेजारी बायकोनेही डोळे उघडले. माहेरच्या फोनला ती झोपेतही ओळखते.

सासुरवाडीत गाड्यांच्या बाबतीत अधिकारी पुरुष मीच. हे पद मला कुणी दिलेलं नाही, मीच गेली पंधरा वर्षं लग्नाच्या पंगतीत बसून, जिलेबी आणि मठ्ठा यांच्या मधल्या वेळात ते कमावलंय. माझं व्याख्यान ठरलेलं असतं, विषय वजन. लोटस कंपनी काढणारा इंग्रज कॉलिन चॅपमन जन्मभर वजन घटवण्याचाच धोशा लावून बसला होता. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल. वजन उतरवलं तर ती पळेलही, वळेलही आणि थांबेलही. त्याची १९५७ ची लोटस सेव्हन सगळी मिळून पाच क्विंटलच्या आसपास होती. पुढे १९८९ मध्ये जपानच्या माझदाने एमएक्स-५ काढली. दोन माणसांची, टनाच्या आतली, इंजिन फक्त १.६ लिटरचं. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे कंपनीने ती कधी विकलीच नाही, हे सांगताना माझा आवाज दाटून येतो आणि वाढपी ती संधी साधून पुढे सरकतो.

आता खरं सांगायचं तर हे तत्त्वज्ञान मी स्वीकारलं ते त्यातल्या त्यात ते फुकट होतं म्हणून. ज्याच्या दारात जुनी वॅगन आर उभी आहे, त्याने ताकदीची बाजू कोणत्या तोंडाने घ्यायची?

तर मेव्हण्याने नाशिकच्या मुंबई नाक्याजवळ जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे दोन गाड्या हेरल्या होत्या. एक लालभडक मस्टँग जीटी, २०१६ साली फोर्डने ही भारतात आणली तेव्हाच्या खेपेतली. दुसरी मिनी कूपर एस, तीन दारांची, डबीएवढी. किमती लिहीत नाही, कारण बायको माझे लेख वाचते.

आम्ही पोचलो तेव्हा सासरे आधीच हजर. टोपी, धोतर आणि हातात प्लॅस्टिकचं रिकामं कॅरेट. बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे कॅरेट म्हणजे क्रेट. द्राक्षं, टोमॅटो, सगळ्या दुनियेचं मोजमाप त्यात होतं. सराफाचं कॅरेट वेगळं, ते बायकांच्या खात्यातलं.

"अण्णा, हे कशाला आणलंत?"

"डिकी बघायला," सासरे म्हणाले. "गाडी घ्यायची तर डिकी बघून घ्यावी."

विकणाऱ्या पोराने टाय सरळ केला आणि आकडे फेकायला सुरुवात केली. मस्टँगचं इंजिन पाच लिटरचं, आठ सिलिंडर, ताकद चारशे घोड्यांच्या घरात. मी मनात भागाकार केला. तिच्या एकेका सिलिंडरमध्ये माझ्या वॅगन आरचं अर्ध्याहून जास्त इंजिन मावतं, आणि असे आठ! मिनीचं दोन लिटरचं, टर्बो, घोडे एकशे नव्वदच्या आसपास. पण वजन? मस्टँग साधारण साडेसतरा क्विंटल, मिनी साडेबारा.

"पाच क्विंटलचा फरक," मी विजयी मुद्रेने सासऱ्यांना म्हणालो. "अख्खी लोटस सेव्हन!"

"म्हणजे पंचवीस कॅरेट," सासरे म्हणाले. वीस किलोचं एक, या हिशेबाने बरोबर होतं. पंधरा वर्षांच्या व्याख्यानांत मला एवढं सोपं करून सांगता आलं नव्हतं. मस्टँग म्हणजे कायमची पंचवीस कॅरेट माल भरून फिरणारी मिनी.

आधी मस्टँग. मेव्हणा चालवायला, मी शेजारी, आणि मागच्या सीटवर, जिला सीट म्हणणं हा तिचाही अपमान आहे, विकणारा पोरगा गुडघे हनुवटीला लावून. बटण दाबलं. जो आवाज झाला त्याचं वर्णन मी टाळतो. एवढंच सांगतो की माझ्या पोटातला सकाळचा मिसळीचा कट जागच्या जागी थरथरला.

गेटबाहेर पडून कॉलनीतून हायवेकडे निघालो आणि पहिला गतिरोधक आला. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्याकडचे गतिरोधक मात्र कॉलनीच्या अध्यक्षांच्या नातवाला सायकल लागली त्या रात्री, उरलेल्या सिमेंटमधून तयार होतात. त्यांना रुंदी नसते, फक्त उंची आणि राग असतो. मस्टँगच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत पावणेतीन मीटरचं अंतर. पुढची चाकं उतरली, मागची चढायची होती, आणि मधे पोट.

खर्रर्र.

गाडीत कुणी काही बोललं नाही. मागून पोरगा हळूच म्हणाला, "तिरपी घ्यायची असते, सर." त्यानंतर दीड किलोमीटर आम्ही प्रत्येक गतिरोधकावर हत्तीला रेल्वेच्या डब्यात चढवावं तशी ती गाडी तिरपी घेत गेलो. मागची रिक्षा हॉर्न देऊन थकली.

मग द्वारका चौक. नाशिककराला पुढचं सांगायला नको. इतरांना एवढंच की तिथे मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकमेकांना भेटतात आणि मग दोघंही तिथेच राहतात. चारशे घोडे पहिल्या गिअरमध्ये उभे. डावीकडे कांद्याचा टेम्पो, उजवीकडे एसटी. एसी लावूनही आत कांद्याचा वास. स्प्लेंडरवरच्या एका पोराने काचेवर टकटक केली. मेव्हण्याने छाती फुगवून काच खाली घेतली.

"काका, ॲव्हरेज किती देते?"

मेव्हण्याने काच वर घेतली. मी चॅपमनचं नाव काढणार, एवढ्यात सिग्नल सुटला आणि काही मिनिटांत आम्ही उड्डाणपुलावर होतो. समोर रस्ता मोकळा. मेव्हण्याने पाय दाबला.

दोन सेकंद. तीन असतील. पाठ सीटला चिकटली, चष्मा नाकावर घट्ट बसला आणि मी, वजनाच्या विरोधात पंधरा वर्षं पंगती गाजवलेला माणूस, मोठ्याने "हाऽऽऽ" असं ओरडलो. मेव्हण्याने लगेच पाय काढला, कारण त्याला वाटलं मला अटॅक आला.

"समृद्धीवर कशी पळेल दाजी!" तो म्हणाला. "इगतपुरीच्या बोगद्यात काचा खाली करून आवाज ऐकायचा!" तो बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे आणि समृद्धीवर मोटारीला मर्यादा ताशी १२० ची, जी माझी वॅगन आरही उतारावर आणि थोडी रडून गाठते. एरवी मी हे नक्की सुनावलं असतं. त्या दिवशी गप्प बसलो. मलाही तो बोगदाच दिसत होता.

मग मिनी. तिला आम्ही गंगापूर रोडने गिरणाऱ्याकडे काढली. द्राक्षबागांमधून रस्ता वळत जातो तिथे ती गाडी काय वाटली म्हणून सांगू! स्टिअरिंग हलवायच्या आधी, हलवावं असं मनात आलं की वळत होती. वेग बघितला तर पन्नास. पन्नासला एवढी मजा! यामागे शास्त्र आहे. टायरवरचं वजन दुप्पट केलं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून वळणावर जड गाडी आधी बाहेर सरकायला बघते. ब्रेक लावतानाही तेच. जितका बोजा जास्त, तितकी उष्णता ब्रेकच्या डिस्कना गिळावी लागते. हे सगळं मी मेव्हण्याला सांगत होतो, पण तुकड्यातुकड्यांत, कारण दर खड्ड्याला माझं वाक्य तुटत होतं. या गाडीचे टायर पंक्चर होऊनही थोडं अंतर चालतात. त्यासाठी त्यांच्या भिंती जाड, कडक ठेवलेल्या असतात. तो कडकपणा थेट माझ्या कमरेच्या चौथ्या मणक्यापर्यंत पोचत होता. आणि गाडी हलकी करण्याचं सगळं श्रेय, खरं सांगतो, माझ्या ब्याण्णव किलोंनी धुळीला मिळवलं होतं. परतल्यावर मला खाली बसलेल्या सीटमधून बाहेर काढायला दोघं लागले.

आता डिकी. सासऱ्यांनी शांतपणे कॅरेट उचललं. मिनीत ते तिरपं करून, मग उभं करून, मग पुन्हा तिरपं करून पाहिलं. एक बसलं, पण झाकण लावताना पोराने डोळे मिटून घेतले. मस्टँगच्या डिकीत एक सहज सरकलं. पोराने आतून तेवढंच एक रिकामं खोकं आणून शेजारी ठेवून दाखवलं. "दोन बसतात, काका!" त्याचा टाय पुन्हा सरळ झाला.

मेव्हणा माझ्याकडे वळला. "दाजी, तुम्ही म्हणाल ती."

बायको बघत होती. सासरे बघत होते. पंधरा वर्षांच्या पंगती बघत होत्या. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मस्टँग."

"आणि ते वजन-वजन करायचात ते?" बायको म्हणाली.

"मोठ्या गाडीला... जरा... वजन असतं," मी म्हणालो.

सासऱ्यांनी कॅरेट काखेत धरलं. "माल न्यायला पिकअप हाये आपल्याकं," ते मेव्हण्याला म्हणाले. "ही शर्यतीची ना? मग शर्यतीचा छकडा कुणी जड करतं का रे? बैल दोनच असतेत, म्हणून छकडा हलका ठिवायचा. घे बारकी."

चॅपमनला जे सांगायला अख्खा कारखाना लागला, ते काखेतल्या कॅरेटसकट झालं. मेव्हण्याने मिनीचं टोकन दिलं.

परत निघताना मेव्हण्याच्या पिकअपमधून आणलेली पाहुण्यांना वाटायची द्राक्षं माझ्याकडे आली, कारण त्याची नवी गाडी हलकी ठेवायची होती. पाच कॅरेट. दोन डिकीत, तीन मागच्या सीटवर, तिथेच कोपऱ्यात बायको, पुढे माझ्या शेजारी सासरे. वॅगन आर रिकामी असताना नऊ क्विंटलच्या आत भरते, म्हणजे या सगळ्यांत खरी हलकी माझीच, हा मुद्दा मी मांडायला घेतला होता. तेवढ्यात तीच कॉलनी आली. तोच गतिरोधक.

खर्रर्र.

सासरे काचेतून वाकून खाली बघत म्हणाले, "जावईबापू, आवाज तर त्या लाल गाडीवानीच येतो की हिचा बी."