‘दोन्ही बत्तीसच ना?’

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातल्या माझ्या एका व्यापारी मित्राकडे परवान्याचं ०.३२चं (म्हणजे ढोबळमानाने नळीची जाडी ०.३२ इंच) रिव्हॉल्वर आहे, त्याच्या भावाकडे ०.३२चं पिस्तूल. मध्यंतरी त्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. चारच दिवसांत तोच मेसेज आमच्या कोपरीच्या सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन पडला. म्हणणं असं: पिस्तुलाची गोळी चालणारं छोटं रिव्हॉल्वर घ्या. घरात दोन हत्यारं, गोळी एकच. रिव्हॉल्वर कधी अडकत नाही. आणि अमेरिकेसारखं ९ मिमीचं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, तो लगेच निकालात निघतो. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप, आहे. ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या साध्या परवान्यावर ते येत नाही.

बाकी अशी रिव्हॉल्वरं असतात, हे खरं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला ०.४५ची पिस्तुलं कमी पडली, तेव्हा १९१७ साली कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांनी त्याच गोळीची रिव्हॉल्वरं बनवली. अडचण काडतुसाच्या बुडाची होती. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. तिच्यावर ते सिलिंडरात, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यात, टेकतं आणि तिलाच ढकलून रिकामी पुंगळी बाहेर काढतात. पिस्तुलाच्या काडतुसाला तशी कडा नको, ते मॅगझिनमध्ये एकावर एक सरकायला हवं. म्हणून तीन-तीन काडतुसं धरणारी अर्धचंद्राकार पत्र्याची क्लिप आली. क्लिपमुळे भरणं झटपट होतं, हे मान्य. पण तीच क्लिप खिशात जराशी वाकली, की सिलिंडर घासतो.

‘कधी अडकत नाही’ हे तर मला अजिबात पटत नाही. हलक्या रिव्हॉल्वरचा धक्का जबर. त्या धक्क्याने न झाडलेल्या काडतुसातलं शिसं पुढे सरकतं, टोक सिलिंडरबाहेर येतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. मग चाप कितीही ओढा.

आता खरा घोळ: ‘गोळी एकच’. मित्राला घेऊन मी ठाण्यातल्या एका शस्त्रविक्रेत्याकडे गेलो. त्याने काउंटरवर दोन्ही काडतुसं उभी केली. रिव्हॉल्वरची पुंगळी सुमारे २३ मिमी, पिस्तुलाची १७. जाडी जवळपास सारखी. पिस्तुलाच्या या काडतुसालाही बारीकशी कडा असते, त्यामुळे ते रिव्हॉल्वरच्या सिलिंडरात छान बसतं, आणि तिथेच माणूस फसतो. रिव्हॉल्वरच्या या लांब काडतुसाची दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला १५,००० पौंड; पिस्तुलाच्या काडतुसाची २०,५००. म्हणजे एक-तृतीयांशाहूनही जास्त वाढीव दाब, तोही आजोबांच्या वेळचं हत्यार असेल तर त्याच्या सिलिंडरावर. शिवाय आखूड पुंगळीतून सुटलेली गोळी नळीत शिरण्याआधी सहा मिमी मोकळीच धावते, मग नेम कसला लागतो?

भावाच्या गोळ्या वापरणं कायद्यातही बसत नाही. प्रत्येकाची खरेदी त्याच्या त्याच्या परवान्यावर नोंदली जाते.

मित्राने तिथेच आपल्या रिव्हॉल्वरच्या गोळ्यांची पेटी घेतली. मी दोन्ही काडतुसांचा फोटो ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं: ‘काका, यातलं पिस्तुलाचं कुठलं?’