मधली निवडणूक

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, परवा लिहिलं: "अमेरिकेत बघा, चार वर्षांतून एकदा मतदान, विषय संपला. आपल्याकडे बारा महिने निवडणुका. आचारसंहिता लागली की कामं ठप्प. एक देश एक निवडणूक झालीच पाहिजे." खाली आठ-दहा अंगठे. रात्री डिशवॉशर लावता लावता मी ते वाचलं आणि झोप उडाली. दादाला त्याचं मत असू दे. पण पुरावा म्हणून त्याने मी राहते तो देश पुढे केला, आणि तो पुरावा चुकीचा आहे.

एकवीस वर्षं मी मिशिगनमध्ये आहे. इथे चार वर्षांतून एकदा काहीच संपत नाही. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. अध्यक्षाची कारकीर्द निम्म्यावर आली की नोव्हेंबरातल्या त्या ठरलेल्या मंगळवारी मिडटर्म येते. ती तारीख कायद्यातच आहे, कुणी पत्रकार परिषद घेऊन जाहीर करावी लागत नाही. मिशिगनचा गव्हर्नर तर १९६६ पासून मुद्दाम याच मधल्या वर्षी निवडला जातो. ऑगस्टमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान, असते, मे महिन्यात शाळांच्या पैशांसाठी मतदान असतं. आणि यातल्या कशासाठी रस्त्याचं काम थांबलेलं मी पाहिलं नाही. उलट उन्हाळाभर आमच्या आय-९६ वर नारिंगी पिंपं उभी असतात, निवडणूक असो की नसो.

मधे एकदा विचारलं जाणं याचा अर्थ काय, हे मला या राज्याने शिकवलं. २०१६ साली ट्रम्प मिशिगनमध्ये अवघ्या १०,७०४ मतांनी जिंकले. दोन वर्षांनी याच मतदारांनी विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ग्रेचेन व्हिटमर यांना चार लाखांहून जास्त मतांनी गव्हर्नर केलं. २०२२ ला त्या पुन्हा आल्या आणि त्यांच्या पक्षाला विधिमंडळाची दोन्ही सभागृहं मिळाली, जवळजवळ चाळीस वर्षांनी. २०२४ ला हेच राज्य परत ट्रम्प यांच्याकडे गेलं. माणसं तीच, गल्ल्या त्याच. वॉशिंग्टनसाठी एक विचार केला आणि राज्याची राजधानी लान्सिंगसाठी दुसरा, कारण दोन्ही प्रश्न त्यांना वेगवेगळ्या वर्षी विचारले गेले. सगळं एकाच दिवशी, एकाच लाटेत उरकलं असतं तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

दादा, नोव्हेंबर २०२२ मध्ये याच ग्रुपवर तू श्री ठाणेदारांचा फोटो टाकला होतास. "बेळगावचा माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये!" म्हणून तू माझंही अभिनंदन केलंस, जसं काही माझ्याच घरचं कुणी निवडून आलं होतं. ते डेट्रॉइटमधून निवडून आले, आणि ती मिडटर्मच होती. चार वर्षांतून एकदाच मतदान असतं, तर त्यांना २०२४ पर्यंत थांबावं लागलं असतं. २०१८ ला ते गव्हर्नरपदासाठी उभे होते आणि प्रायमरीत तिसरे आले होते. एकदा हरलेल्या माणसाला लवकर दुसरी संधी मिळते ती अशीच. (त्या आनंदात मी कुणाला एक गोष्ट सांगितली नाही. ऑफिसमधली माझी मैत्रीण डेट्रॉइटची, कृष्णवर्णीय. १९५५ पासून त्या शहराचा एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा, तो त्या वर्षी उरला नाही. मी पेढे नेले होते. तिने एक घेतला, छान आहे म्हणाली, आणि कामाला लागली. मला तेव्हा बोलायला हवं होतं.)

२०२२ ची माझी मतपत्रिका मला अजून दिसते. प्राथमिक शाळेचं जिम, बास्केटबॉलच्या रेषांवर मांडलेली टेबलं, हातात लांबलचक जाड कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. गव्हर्नर, काँग्रेस, राज्याचे सिनेटर, मग विद्यापीठांची मंडळं, कौंटी, न्यायाधीश, शाळेचं बोर्ड, लायब्ररी. शेवटी घटनादुरुस्तीचे तीन प्रस्ताव. तिसरा गर्भपाताच्या हक्काचा. त्यासाठी लोकांनी सात लाखांवर सह्या गोळा केल्या होत्या, तरी मजकुरातल्या शब्दांमधल्या जागा नीट सुटलेल्या नाहीत म्हणून राज्याच्या निवडणूक मंडळात दोन विरुद्ध दोन असा पेच झाला आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो मतपत्रिकेवर आणला. मी एकेक गोल काळ्या पेनाने भरत होते. माझ्या मागे शाळेतली एक आई कडेवर झोपलेलं मूल घेऊन उभी होती. मला पंचवीस मिनिटं लागली, पण कुणी घाई केली नाही. तिन्ही प्रस्ताव मंजूर झाले.

आता कोल्हापूर. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. आधी कोविड, मग प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे खटले, असं करत पाच वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. ८१ नगरसेवकांचं सभागृह रिकामं. पाण्याचं काही असलं की आमच्या गल्लीतल्या बायका नगरसेवकाच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्या पाच वर्षांत जायला दारच नव्हतं. आणि तरी दादा म्हणतो, निवडणुका फार झाल्या! 'एक देश एक निवडणूक'साठी नेमलेल्या कोविंद समितीच्या अहवालात लोकसभा-विधानसभेनंतर शंभर दिवसांत स्थानिक निवडणुका घ्याव्यात असं आहे, हे मला माहीत आहे. पण ज्यांनी पाच वर्षं एक महापालिका निवडणूक घेतली नाही, त्यांच्या शंभर दिवसांवर मी कशी विसंबू?

प्रशासक म्हणजे काय, हेही मी इथेच पाहिलं. माझ्या घरापासून तासाभरावर फ्लिंट आहे. तिथे राज्याने आपत्कालीन व्यवस्थापक नेमला आणि निवडून आलेल्या कौन्सिलच्या हाती काही उरलं नाही. २०१२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी असे व्यवस्थापक नेमण्याचा कायदाच जनमताने रद्द केला. डिसेंबर संपायच्या आत विधिमंडळाने तसाच दुसरा आणला, आणि त्याला निधीची तरतूद जोडली, म्हणजे त्यावर पुन्हा जनमत घेता येऊ नये. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं. पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं औषध घातलं नाही. पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी घेणं थांबवलं. माणसं मात्र ते आणखी वर्षभर पीत होती. तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन ती सभांना जायची आणि समोर बसलेल्यांपैकी कुणालाही त्यांच्या मताची गरज नव्हती.

म्हणून मला कमी निवडणुकांची भीती वाटते. आपण मतदानाला कंटाळणारी माणसं नाही. २०२४ च्या विधानसभेला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांवर मतदान झालं. हा आकडा मी इथे ऑफिसात अभिमानाने सांगते, आणि मिशिगनच्या मिडटर्मला विक्रमी मतदान झालं त्या वर्षीही इथला आकडा याच्या जवळपास नव्हता, हेही सांगते.

हे सगळं मी दादाला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर एका ओळीचं: "तुला तिकडून बोलायला काय जातं? तुझं मत आहे का इथे?"

नाही. २०१८ मध्ये मी इथली शपथ घेतली आणि भारताचा पासपोर्ट परत केला. त्याच नोव्हेंबरच्या मिडटर्मला इथलं पहिलं मत दिलं. इथल्या लायब्ररीच्या मंडळावर कोण असावं हे मी ठरवते, आणि ज्या गल्लीत माझं बालपण गेलं तिथल्या नळाबद्दल मला काही ठरवता येत नाही. हे मी स्वतः निवडलं. तरी दादाचं ते वाक्य वाचून मी बराच वेळ फोन हातात धरून बसले.

२०२४ च्या नोव्हेंबरात आईचा फोन आला होता. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारी मुलं येऊन गेली, त्यात माझ्या नावाचीही चिठ्ठी होती. नाव यादीत तसंच राहिलंय. "काय करू हिचं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आई, ते कमी करायला हवं. सात नंबरचा फॉर्म मिळतो, तो भरून दे."

"माहितीय," ती म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हा तोच भरला होता."