रंग नंतर काढू, हे म्हणणं हळदीच्या ढिगापुढे टिकत नाही

फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतोय. थोडक्यात तो असा: खिशातल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाईट मोड कधीच लावू नये, कारण त्याने रंगांची माहिती कायमची जाते. फोटो रंगीतच काढावा, रंग नंतर मोबाईलवर एका बोटाने घालवता येतात, निकालात काही फरक पडत नाही. तसंही एवढ्याशा सेन्सरला करड्या छटा झेपत नाहीत, खरं कृष्णधवल फिल्मवरच होतं. आणि शेवटचा टोला म्हणजे, ज्याचे रंगीत फोटो जमत नाहीत तोच कृष्णधवलाचा आसरा घेतो.

सांगली-मिरजेतली कितीतरी मुलं-मुली सध्या घरातल्या कपाटात पडून असलेले जुने कॉम्पॅक्ट कॅमेरे बाहेर काढताहेत. बॅटरी चार्ज करून, कार्ड पुसून घाटावर, बाजारात हिंडताहेत. त्यांच्यातल्या काहींनी हा सल्ला वाचून तो मोड वापरणंच सोडलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा माहिती जाण्याचा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. प्रत्येक ठिपका आपल्यावर किती उजेड पडला एवढंच मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांची बारीक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली ज्या रचनेचं पेटंट झालं, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे: दर चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे मोड कोणताही लावा, कॅमेरा आधी रंगीत माहितीच गोळा करतो आणि कृष्णधवल चित्र त्यातून बनवतो. तुमच्या कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती जशीच्या तशी ठेवण्याची, सोय असेल तर रॉ आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून, दाबून लहान केलेला नेहमीचा फोटो) दोन्ही एकदम साठवायला लावा. मोड ब्लॅक अँड व्हाईट असला तरी रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. जेपेग कृष्णधवल, मागच्या पडद्यावरचं चित्र कृष्णधवल, आणि रंगीत मूळ प्रत कार्डावर सुरक्षित. गमावलं काहीच नाही.

ज्या साध्या कॅमेऱ्यांत फक्त जेपेग मिळतं, तिथे रंग खरोखरच जातात. पण तिथेच तर तो सल्ला सर्वांत चुकीचा ठरतो. जेपेग बनवताना कॅमेरा उजेडाची माहिती बारकाईने ठेवतो आणि रंगांची माहिती बहुतेक वेळा कमी तपशिलात साठवतो. डोळ्याला रंगीत फोटोत ते जाणवत नाही. मात्र असल्या फाइलमधून नंतर लाल किंवा निळा भाग ताणून कृष्णधवल करायला गेलात की आकाशात चौकटी उमटतात, कडा फाटतात. कॅमेऱ्याच्या मेनूतला लाल किंवा पिवळा फिल्टर लावून मोनो, म्हणजे ब्लॅक अँड व्हाईट, मोडमध्ये काढलेल्या फोटोत रंगांचा हा हिशेब सेन्सरच्या ताज्या माहितीवर, दाबून लहान करण्याच्या आधी मांडला जातो. निकाल स्वच्छ येतो. म्हणजे कॅमेरा जितका साधा, तितकी मोनो मोडची गरज जास्त.

आता दुसरा मुद्दा, ‘एका बोटाने रंग घालवा, फरक शून्य’. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे.

हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात चला. सौदे चालू आहेत, पॉलिश केलेल्या हळकुंडांचे ढीग लागलेत, बाजूला गोणपाटाची पोती, पोत्यांवर टेकलेले हमाल, पांढऱ्या टोप्यांतले शेतकरी. रंगीत फोटोत हळद सगळ्यांना खाऊन टाकते. डोळा त्या पिवळ्यावरून हलत नाही. आता रंग काढायचे. समजा उन्हातल्या ढिगावरच्या एका ठिपक्याचे आकडे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण उजळ) लाल २१५, हिरवा १६०, निळा ४५ असे आहेत, आणि शेजारच्या पोत्याचे १६५, १३५, १००. रंग घालवण्याची एक पद्धत अशी की तिन्हींतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्या दोघांची सरासरी काढायची. हळद १३०, पोतं सुमारे १३२. संपलं! ढीग आणि पोतं एकाच करड्यात विरघळले, फोटोत हळद उरलीच नाही. दुसरी पद्धत डोळ्याच्या संवेदनेप्रमाणे वजन देते, हिरव्याला जवळपास ५९ टक्के, लालला ३०, निळ्याला ११. तिच्यात हळद १६३ आणि पोतं १४० येतं. फरक दिसतो, पण बेताचा. फक्त लाल भाग घेतला तर २१५ विरुद्ध १६५, हळद उजळून निघते. फक्त निळा घेतला तर ४५ विरुद्ध १००, आणि तोच ढीग पोत्यापेक्षा काळा होतो.

एकच ढीग, एकच उजेड, चार वेगळे फोटो. मग ‘रंग काढले’ म्हणजे नेमके कोणते? मोबाईलवरच्या त्या एका बोटामागे यातली कोणती पद्धत आहे हे वापरणाऱ्याला माहीत नसतं, आणि निर्णय त्याने घेतलेलाच नसतो. कुठल्यातरी ॲपने तो त्याच्या वतीने घेतलेला असतो.

हळदीची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती बाहेरच्या फोटोग्राफरना पटकन सुचत नाही. पिवळा रंग निळा उजेड गिळतो आणि लाल-हिरवा परत पाठवतो, म्हणून कृष्णधवलात उन्हातली हळद सावलीतल्या पांढऱ्या सदऱ्याइतकीच उजळ होऊन बसते. हळदीने माखलेले हमालाचे हात, जे पाहून आपण कॅमेरा काढला, ते फोटोत नुसते धुरकट पांढुरके दिसतात. मोनो मोड चालू असेल तर हे पडद्यावर बटण दाबायच्या आधी दिसतं. मग तुम्ही दोन पावलं सरकता, हात सावलीच्या पार्श्वभूमीवर आणता, किंवा उजेड तिरका येईल अशी जागा शोधता. रात्री घरी बसून मोबाईलवर रंग काढणाऱ्याला यातलं काहीही करता येत नाही. सौदा उठलेला असतो, हमाल घरी गेलेला असतो.

आरसा असलेल्या मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेतून जग रंगीतच दिसतं. कॉम्पॅक्टच्या मागच्या पडद्यावर ते कृष्णधवल दिसतं. ही या छोट्या कॅमेऱ्याची खरी ताकद आहे आणि तो सल्ला नेमकी तीच बंद करायला सांगतो. भर दुपारी यार्डात पडदा नीट दिसत नाही हे मान्य, तळहाताची सावली करावी लागते. तरी करावी.

सल्ला देणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. हळद गडद हवी असेल तर निळा भाग लागतो, आणि कॉम्पॅक्टच्या मेनूत सहसा पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा एवढेच फिल्टर असतात. तेव्हा रॉ फाइल घेऊन संगणकावर बसण्याला पर्याय नाही. निळ्या भागात दाणेही (चित्रभर पसरणारे बारीक ठिपके) सर्वांत जास्त येतात, त्याची तयारी ठेवावी.

फिल्टरवरून कुंकू आठवलं. आजीचा फोटो काढताना लाल फिल्टर लावू नका. लाल फिल्टरने त्वचा उजळते आणि कुंकूही उजळतं, इतकं की कपाळ मोकळं दिसतं. हिरवा लावा, कुंकू ठसठशीत गडद येतं. ज्या घरात कुंकवाला अर्थ आहे तिथे ही तांत्रिक बाब राहत नाही.

हाच धागा तिसऱ्या मुद्द्याकडे नेतो, ‘खरं कृष्णधवल फिल्मवरच’. कोणत्या फिल्मवर? जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल उजेड दिसतच नसे, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता येई. तिच्यावर काढलेल्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंकुळकुळीत येतं आणि निळं आकाश पांढरं पडतं. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली, तिला सगळे रंग दिसत, आणि तेच कुंकू करडं झालं. म्हणजे फिल्मच्या काळातही कुठला रंग किती गडद येणार हे कोणीतरी ठरवत होतंच, कधी कारखाना, कधी भिंगावर रंगीत काच लावणारा फोटोग्राफर. आज तो निर्णय मेनूत आहे. त्याने फोटो खोटा होत नाही. फिल्मवर माझं प्रेम आहे, तिच्या दाण्याचा पोत मला आजही भुरळ घालतो. पण तिच्या नावाने मुलांच्या हातातला कॅमेरा कमी लेखणं मला मंजूर नाही.

सेन्सरच्या आकाराचा मुद्दा मात्र गंभीर आहे, तो झटकून टाकता येणार नाही. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. मोठ्या, ‘फुल फ्रेम’ कॅमेऱ्यातला ३६ बाय २४. क्षेत्रफळात तीसपट फरक. सेन्सरचे ठिपके बारीक, त्यांची उजेड साठवण्याची मर्यादा लवकर भरते, त्यामुळे कडक उन्हातला पांढरा सदरा पटकन फुटून कोरा पडतो आणि एकदा कोरा पडला की त्यात काहीच परत येत नाही. उपाय साधा आहे: एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, मेनूत उणे दोन-तृतीयांश ठेवा, पांढरं वाचवा, सावल्या काळ्या होऊ द्या. कृष्णधवलात काळी सावली खटकत नाही, उलट चित्राला बैठक देते. रंगीत फोटोत तीच सावली चिखलासारखी दिसते.

आणि अंधारात तर बाजू उलटते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जा. खोली लहान, एका खिडकीतून येणारा उजेड, वर ट्यूबलाइट, भोपळ्यावर कोरीव काम करणारे हात. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता, १६०० वर असेल तर छोट्या सेन्सरचा रंगीत फोटो बघवत नाही: सावलीत जांभळे-हिरवे डाग, चेहऱ्याची एक बाजू निळी, दुसरी हिरवट. रंग काढले की रंगीत डाग जातात, खिडकी आणि ट्यूबच्या उजेडाचं भांडण मिटतं, भिंगाच्या जांभळ्या कडा जातात. उरतो तो उजेडाचा दाणा, आणि तो डोळ्याला सोसतो. कॅमेऱ्याचं नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे आपोआप पुसणारी सोय, मात्र शक्य तेवढं कमी ठेवा, नाहीतर लाकडाचे तंतू मेणासारखे गुळगुळीत होतात. छोट्या सेन्सरमुळे जवळचा हात आणि मागे टांगलेले तंबोरे दोन्ही स्पष्ट येतात, भिंग पूर्ण उघडं ठेवूनही. अशा अरुंद कारखान्यात मोठ्या कॅमेऱ्याला त्यासाठी भिंग खूप मिटावं लागतं आणि मग उजेड पुरत नाही.

थोडा मोठा सेन्सर हवा असेल तर २०१२ मध्ये आलेल्या सोनी आरएक्स१०० पासून खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा सेन्सर मिळतो, म्हणजे साध्यापेक्षा चौपट. जुना मिळाला तरी चालेल.

शेवटचा टोला राहिला, रंगीत जमत नाही म्हणून कृष्णधवल. उजेडाच्या विचित्र रंगापासून कृष्णधवल सुटका करतं, हे मी आत्ताच सांगितलं. मांडणीच्या चुकीपासून ते सुटका करत नाही. रंगीत फोटोत एक लाल लुगडं सगळी चौकट सावरून धरतं. ते काढलं की मागचा विजेचा खांब, कडेला अर्धा कापलेला माणूस, रिकामा कोपरा, सगळं उघडं पडतं. हरिपूरला कृष्णा-वारणा संगमावर संध्याकाळी कोणालाही सुंदर रंगीत फोटो मिळतो, आकाशच तो देऊन टाकतं. त्याच जागी कृष्णधवल चांगला काढून दाखवा, मग कोण कशाचा आसरा घेतो ते ठरवू.

आणि जिथे रंग हीच बातमी आहे तिथे कृष्णधवल काढू नये, हे मी तितक्याच ठामपणे म्हणेन. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर पाणी नेलं. पाणी उतरल्यावर घरांच्या भिंतींवर गाळाची तपकिरी रेघ राहिली. कृष्णधवल फोटोत ती रेघ साध्या ओलीसारखी किंवा सावलीसारखी दिसते. घरात पाणी किती वर होतं हे त्या तपकिरी रंगानेच कळत होतं. पुराचे फोटो कृष्णधवल करून त्यांना जुन्या दुःखाची कळा आणणं मला पटत नाही.

छापण्याबद्दलही शंका विचारली जाते. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. इंचाला ३०० ठिपके धरले तरी १३ बाय १० इंचांचा प्रिंट सहज निघतो. अडचण येते ती लॅबमध्ये. तिथे बहुधा रंगीत कागदावरच छापतात आणि यंत्र स्वतःहून रंग दुरुस्त करतं, त्यामुळे करड्यात हिरवट किंवा गुलाबी झाक येते. ऑपरेटरला आधीच सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेवा, आणि सगळा गठ्ठा छापायच्या आधी एक छोटा प्रिंट काढून तो दारात, दिवसाच्या उजेडात बघून घ्या.