लाईट म्हणजे बारा

चाळिशी उलटली की माणसाला काहीतरी सुचतंच, कुणी सायकल घेतं, कुणी भल्या पहाटे सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन ग्रुपवर फोटो टाकतं, मला गिटार सुचली.

पहिली गिटार मी रंग बघून घेतली, हे आधीच कबूल करतो. मधे केशरी, कडेला काळी, करपलेल्या बासुंदीसारखी. दुकानदार म्हणाला, "दादा, बिगिनरसाठी एकदम परफेक्ट पीस!" हेच वाक्य तो माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाला ढोलकी दाखवताना म्हणाला होता, पण तेव्हा कुठं लक्ष असतं.

आठवडाभरात डाव्या हाताच्या चारही बोटांवर तारांचे व्रण. ऑफिसात सही उजव्या हाताने करतो म्हणून निभावलं, पण भाकरीचा तुकडा मोडताना डावा हात मदतीला आला की डोळ्यात पाणी. आई म्हणाली, "मुक्या तंबोऱ्याने छळलंय पोराला." मुका कारण एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून बाकी बोटांनी धरायचा सुरांचा गठ्ठा, धरला की सहाच्या सहा तारा थप्प थप्प, पाटावर लाटणं आपटावं तशा. मी म्हटलं वय झालं, बोटं जाड, आपल्या नशिबात वाद्य नाही.

शेवटी शेजारची अकरावीतली पोरगी आली, तीन वर्षं वाजवतेय. तिने गिटार आडवी धरून एक डोळा मिटून दांड्याकडे पाहिलं, जसं सुतार रंधा मारलेल्या फळीकडे बघतो, आणि म्हणाली, "काका, स्केल द्या." लेकाच्या कंपासमधली पट्टी दिली. दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या म्हणजे फ्रेट, त्यातल्या बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून किती वर आहे ते तिने मोजलं. साडेचार मिलिमीटर! याला म्हणे ॲक्शन म्हणतात आणि शिकणाऱ्याला अडीचच्या आसपास बरी. म्हणजे मी आठवडाभर गिटार नव्हे, कपडे वाळत घालायची दोरी दाबत होतो. मी म्हटलं, खाली तारा अडकवतात त्या ब्रिजवरची पांढरी पट्टी, ते सॅडल, घासून टाकू की दोन मिलिमीटर. तर ती म्हणते बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे दोन कमी करायचे तर सॅडलवर चार घासायला लागतात, आणि तुमचं सॅडल बाहेर आहे मोजून तीन. वर पहिल्या फ्रेटपाशी नटच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचाही उथळ, तारा तिथेच उंच, म्हणून एफ सगळ्यात जास्त रडवतो. बोटांचा काही दोष नाही म्हटल्यावर मला जे बरं वाटलं ते विचारू नका.

तारांचं वेगळंच. पाकिटावर 'लाईट' लिहिलेलं होतं, मी खूश. लाईट म्हणजे बारा, एक्स्ट्रा लाईट म्हणजे दहा, हे आकडे सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात. नाशकात पावसाळ्यात लाईट जाते एवढंच मला माहिती, लाईट असूनही जड असते हे नवीन. तिचा सल्ला, दहा लावा, आवाज थोडा पातळ येईल पण बोटं वाचतील.

मग दुसऱ्या रविवारी मिसळ हाणून, पट्टी खिशात घेऊन, दोघं दुकानं फिरलो. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट मांडीवर घेतली तर तिचं पोट आणि माझं पोट यांच्यात जागेवरून भांडण, उजवा हात पार बगलेतून वर. त्यापेक्षा छोट्या बॉडीची बरी बसली. नायलॉनवालीही पाहिली, तारा मऊ, पण दांडा रुंद, नटपाशी बावन्न मिलिमीटरच्या घरात, तर स्टीलवालीचा त्रेचाळीसच्या. माझा अंगठा तिथे मागून हरवूनच गेला. प्रत्येक गिटारीला पट्टी लावताना एक दुकानदार म्हणाला, "साहेब, शर्टाचं माप घेताय का?" पोरगी म्हणाली, "नाही, पॅंटचं," आणि एकेक फ्रेट दाबून कुठे तार खरखरतेय का ते ऐकत राहिली, कारण ॲक्शन फार खाली असली की तेही होतं. रंग कुणी पाहिलाच नाही. आणली ती साधी, शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाची, दोन पॉइंट चार. पट्टीवर इतकं बारीक दिसत नाही, पण पोरगी म्हणाली चार म्हणजे चार.

काल रात्री एफ लावला. पाच तारा वाजल्या, सहावी थप्प. आतून बायको ओरडली, "अहो, कुकरच्या किती झाल्या?"