म्हणे दहा वर्षं पोरांच्या संघात सडला!

माझा भाचा कोल्हापुरात बारा-तेरा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. सकाळी सहाला मैदानात, मानधन म्हणाल तर चहा आणि वडा. परवा त्याच्या काकांनी त्याला एक फॉरवर्ड पाठवलं, खाली स्वतःची ओळ जोडून: "वाच आणि विचार कर." त्यानं ते मला पाठवलं. सोबत एक शब्द नाही. तेच जास्त लागलं.

फॉरवर्ड स्पेनचे कोच लुईस दे ला फुएंते यांच्यावर आहे, 'प्रेरणादायी' म्हणून फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: खेळाडू म्हणून फ्लॉप. कोच म्हणून हाकललेला. दहा वर्षं पोरांच्या संघात सडला. मग एका रात्रीत नशीब फळफळलं, यामालसारखा पोरसवदा हिरा आयता मिळाला आणि २०२४चा युरो कप, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, हातात. तात्पर्य: लहान संघात आयुष्य घालवू नका, मोठ्या संधीवर झडप घाला.

फ्लॉप म्हणे! हा माणूस स्पेनमधल्या ॲथलेटिक बिल्बाओ क्लबचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. १९८३ आणि १९८४ अशी सलग दोन वर्षं स्पॅनिश लीग जिंकणाऱ्या संघात होता, १९८४ला त्याच संघानं कोपा देल रे हा स्पेनचा बाद फेरीचा कपही नेला. त्यानंतर बिल्बाओनं एकदाही लीग जिंकलेली नाही. याला फ्लॉप म्हणणाऱ्यानं निदान शाहू स्टेडियमवर एक लीग मॅच खेळून दाखवावी.

हाकलला, हे खरं आहे. नाकारत नाही. २०११मध्ये अलावेस हा क्लब स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तिथं काही महिन्यांतच त्यांना नारळ मिळाला. पुढं बराच काळ हाताला काम नव्हतं, हेही कबूल. शिवाय माणूस काही देव नव्हे. २०२३मध्ये स्पॅनिश फुटबॉल फेडरेशनचे तेव्हाचे अध्यक्ष रुबियालेस यांनी महिला खेळाडूचं संमतीशिवाय चुंबन घेतलं, वर राजीनामा देणार नाही असं भाषण ठोकलं; त्या कुप्रसिद्ध भाषणाला हे टाळ्या वाजवून बसले आणि नंतर माफी मागत फिरले. प्रेरणाच हवी असेल तर हेही लिहा की!

आता ते 'सडला'. २०१३मध्ये ते फेडरेशनमध्ये आले ते १९ वर्षांखालच्या संघाचे कोच म्हणून. २०१५मध्ये ग्रीसमध्ये त्या वयोगटाचा युरो जिंकला. त्या संघात कोण होतं? उनाई सिमोन, रोद्री, मिकेल मेरिनो. २०१९मध्ये २१ वर्षांखालचा युरो, इटलीतल्या उदिनेच्या फायनलमध्ये जर्मनीला २-१नं हरवलं, गोल फाबियान रुइस आणि दानी ओल्मोचे. टोकियो ऑलिंपिकला रौप्य. ब्राझीलविरुद्धच्या फायनलमध्ये स्पेनचा एकमेव गोल ओयारसाबालचा. त्याच ऑलिंपिक संघात कुकुरेया आणि सुबिमेंदीही.

ही नावं डोक्यात ठेवा आणि १४ जुलै २०२४ची बर्लिनमधली फायनल पुन्हा लावा. गोलमध्ये सिमोन. मध्यंतराला रोद्री जखमी होऊन बाहेर, त्याच्या जागी सुबिमेंदी, आणि संघाची घडी विस्कटत नाही. इंग्लंडनं बरोबरी केलेली. ८६व्या मिनिटाला डावीकडून कुकुरेयाचा क्रॉस, ओयारसाबाल घसरत पाय लावतो, २-१. नव्वदाव्या मिनिटाला इंग्लंडच्या गेहीचा हेडर गोलात जाणार, तेवढ्यात रेषेवर उभा ओल्मो डोक्यानं बाहेर काढतो. त्याआधी क्वार्टर फायनलला यजमान जर्मनीला ११९व्या मिनिटाला हेडरनं घरी धाडणारा कोण? मेरिनो. सगळी या माणसाची 'पोरं'. अठरा-एकोणीस वर्षांचं असताना कोण कुठं चुकतं, कुणाला रागवायचं, कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे ज्याला ठाऊक होतं तोच बर्लिनमध्ये कोचच्या बाकावर होता. विश्वास नसेल तर काकांनी २०१५, २०१९ आणि २०२४च्या संघांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. पाच मिनिटांचं काम आहे, फॉरवर्ड करण्यापेक्षा चार मिनिटं जास्त.

'एका रात्रीत' म्हणाल तर कतारच्या विश्वचषकात मोरोक्कोकडून हरून तेव्हाचे कोच लुईस एनरिके गेले, डिसेंबर २०२२मध्ये यांना बोलावलं. पण त्याआधी जून २०२१मध्ये मुख्य संघ कोरोनामुळं अडकला, तेव्हा हेच आपली २१ वर्षांखालची पोरं घेऊन लिथुआनियाविरुद्ध उतरले होते. ४-० जिंकले. नशीब, दुसरं काय!

राहिला यामाल. हिरा आहेच. पण सोळा वर्षांच्या पोराला सप्टेंबर २०२३मध्ये जॉर्जियाविरुद्ध राष्ट्रीय संघात उतरवायचा निर्णय नशिबानं घेतला नव्हता.

हे सगळं मी काकांना पाठवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, नंतर बोलू, आज गोलकीपरच आला नाही, मीच उभा आहे."