देवाने माफ केलं, तरी देणं बाकी राहतं

नमस्कार.

जक्कया, म्हणजे लोकांना नाडणारा आणि येशूच्या भेटीने बदललेला बायबलमधला जकातदार, याच्यावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया लांब आहे, म्हणून इतर वाचकांसाठी तिचा गाभा आधी देतो. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा नवरा रविवारी उपासनेत गुडघे टेकून रडतो. पाळक (चर्चचे धर्मगुरू) डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. सोमवारी तीच मंडळी (चर्चचे सभासद) बायकोला ऐकवते, ‘देवाने माफ केलं, आता तू कोण अडवून धरणारी?’ यावरून तुम्ही म्हणता की कृपेच्या नावाखाली ख्रिस्ती माणसाला मोकळं सोडलं जातं आणि ‘बदललेला माणूस’ हे नुसतं बोलणं आहे.

असा सोमवार घडतो, हे मी नाकारत नाही. पण तो शास्त्रातली अर्धीच ओळ वाचल्याने घडतो, आणि उरलेली अर्धी सांगणं हे आम्हा शिकवणाऱ्यांचं काम आहे.

आपण कसे बदललो याची साक्ष देताना हमखास म्हटलं जाणारं वाक्य म्हणजे ‘जुने ते होऊन गेले’. ते बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं. तिथे विषय देवाशी झालेल्या समेटाचा आहे, उधारीच्या वहीचा नाही. हाच पौल फिलेमोनाला अनेसिमाविषयी लिहितो. अनेसिम फिलेमोनाचा दास होता, या मालकापासून दुरावलेला, आणि आता विश्वासी झालेला. ‘जुने गेले’ म्हणून पौलाला विषय मिटवता आला असता. तो मात्र लिहितो की त्याने तुझं नुकसान केलं असेल किंवा तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी स्वतःच्या हाताने लिहून देतो की फेडीन. माणूस नवा झाला तरी जुनं देणं कोणीतरी फेडायचंच होतं.

नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय, गणना, निर्गम अशा पुस्तकांत, तर याचे आकडे आहेत. लेवीयच्या सहाव्या अध्यायात लबाडीने घेतलेलं परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलं आहे, तेही ज्याचं त्याला. १०,००० रुपये लाटले असतील तर १२,००० परत. गणनाच्या पाचव्या अध्यायात पुढचीही सोय आहे: ज्याचं नुकसान झालं तो हयात नसेल तर जवळच्या नातलगाला द्या, तोही नसेल तर याजकाकडे द्या. ‘ते गेले हो, आता कोणाला देणार’ ही पळवाट तेव्हाच बुजवली होती.

जक्कयाने याच्याही पुढे मजल मारली. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला नाडलं त्याला चौपट. चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची किंवा विकणाऱ्याची शिक्षा होती, निर्गमच्या बाविसाव्या अध्यायातली. कबूल करून परत देणाऱ्याला पाचवा हिस्सा पुरला असता, पण हा स्वतःला चोराचं कलम लावून घेतो. हिशेब करून पाहा. समजा त्याच्याकडे एक लाख होते. ५०,००० गरिबांना गेले. उरलेल्या ५०,००० मधून चौपट द्यायचं, म्हणजे अन्यायाची कमाई साडेबारा हजार जरी निघाली तरी घर रिकामं. मुख्य जकातदाराच्या वहीत ती त्याहून जास्त निघण्याचीच शक्यता.

आणि येशू त्याच्या घरी उतरायला निघाला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. कृपा आधी आली, वही नंतर उघडली. तुमच्याशी माझा मतभेद आहे तो इथेच. सगळं गमावण्याची भीती असलेला माणूस वही लपवतो. आपल्याला टाकून दिलेलं नाही हे कळलं की ती उघडण्याचं बळ येतं. बळ मिळूनही जो वही उघडत नाही, त्याच्या रडण्यावर मंडळीने शिक्का मारू नये. कॅथलिक शिकवणही हेच सांगते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या १४५९ व्या परिच्छेदानुसार पापक्षमेने पाप दूर होतं, पण त्याने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करायचं, इजेची भरपाई द्यायची.

आता त्या नवऱ्याकडे येऊ. त्याची कबुली शब्दशः ऐका. ‘हात उठला.’ ‘माझ्याकडून झालं.’ ‘दारूने करवलं.’ ‘सैतानाने घात केला.’ यातल्या एकाही वाक्यात ‘मी’ हा कर्ता नाही. एदेन बागेत आदामाने हेच केलं, ‘तू दिलेल्या स्त्रीने फळ दिलं’, आणि स्त्रीने सापाकडे बोट दाखवलं. देवाने दोघांचं ऐकून घेतलं आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या कृत्याचा जाब विचारला. कबुलीचं वाक्य असं हवं: ‘मी तिला मारलं. अमुक दिवशी, मुलांसमोर.’ त्यात ‘पण’ नको आणि ‘तिनेही’ तर नकोच. ‘जर तुझं मन दुखावलं असेल तर’ हेही नको, कारण त्यात मार खाल्ला की नाही हेच संशयात टाकलं जातं.

दुसरी चूक म्हणजे दारू सुटली की मारहाणही सुटेल, असं धरून चालणं. नशेतसुद्धा तो साहेबावर किंवा हवालदारावर हात उचलत नाही, घरीच उचलतो. म्हणजे हात कुठे उचलायचा हे त्याला तेव्हाही कळतं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात. जाता जाता पाळकांसाठी एक गोष्ट: रोज भरपूर पिणाऱ्याला उपवास-प्रार्थनेत बसवून एका दिवसात दारू तोडायला लावू नका. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर.

भरपाईसाठी, दारू सोडू पाहणाऱ्यांची चळवळ असलेल्या आणि १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची आठवी आणि नववी पायरी उपयोगी आहे. या चळवळीची मुळं एका ख्रिस्ती गटातच आहेत. आठवीत आपण दुखावलेल्या प्रत्येकाची यादी करायची, नववीत शक्य तिथे प्रत्यक्ष भरपाई करायची, मात्र त्याने त्या माणसाला किंवा इतरांना इजा होणार असेल तर नाही. हा अपवाद मंडळीत सर्रास विसरला जातो. बायको माहेरी गेली की नवऱ्याला घेऊन तिच्या दारात जायचं, सगळ्यांसमोर त्याने पाय धरायचे आणि तिने ‘माफ केलं’ म्हणायचं. ही भरपाई नव्हे, तिच्यावर आणलेलं दडपण आहे. तिने बोलावलेलं नसताना जाऊ नये. त्याने घरखर्च न चुकता पाठवावा, तिचे दागिने विकले असतील तर तेवढी रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, मुलांची फी भरावी, आणि बदल्यात काहीही मागू नये. परत येण्याची तारीख तर नाहीच.

क्षमा करणं आणि एका छताखाली राहणं या दोन गोष्टी आहेत. कॅथलिक धर्मसंहितेचं ११५३ वं कलम सांगतं की जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला रास्त कारण आहे, आणि उशीर करण्यात धोका असेल तर बिशपांच्या आदेशाची वाट न पाहता स्वतःच्या निर्णयाने निघता येतं. देशाच्या कायद्यातही वाट आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याची क्रूरता एकटी पुरत नसे, ख्रिस्ती बायकोला त्यासोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. २००१ च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तर घटस्फोट न मागताही संरक्षण, निवारा आणि खर्च मागता येतो.

तुम्ही शेवटी विचारलंत की मग पाळकांनी सोमवारी करावं तरी काय. त्या बाईंना एकटीला, नवरा आसपास नसताना भेटावं, सोबत मंडळीतली एखादी जाणती बाई असावी. आज रात्री कुठे झोपणार, मुलं कुठे आहेत, आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, औषधं हाताशी आहेत का, हे विचारावं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक कागदावर न देता पाठ करून घ्यावा, कारण कागद घरी सापडतो. नवऱ्याशी वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने बोलावं. आणि क्षमेचा विषय त्या बाईंनी स्वतः काढेपर्यंत कोणीही काढू नये.